वाचकांचे प्रश्न : साखळी तुटली, दोर तुटला – भरपाई कोणाकडे मागायची?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा होता. चेन ब्लॉक (साखळीची कप्पी), क्रेन, हायड्रा (चाकांवरची फिरती क्रेन), मालाची लिफ्ट अशा उचलायच्या यंत्रात दोष असतो आणि हात-पाय किंवा जीव कामगाराचा जातो. पत्रं जिनिंगमधून आहेत, एमआयडीसीतून आहेत आणि साक्रीकडच्या सोलर प्रकल्पावरूनही आहेत. नावं-गावं ओळखू येऊ नयेत म्हणून पत्रं थोडी कापली आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या. कारखाने अधिनियम १९४८, कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायदा १९४८ हे आता त्यांत सामावले आहेत. मात्र तुमच्या दाव्याला कोणता कायदा लागू, हे अपघाताच्या तारखेवर ठरतं, अर्ज कधी केला त्यावर नाही. इथले पहिले चारही अपघात त्या तारखेआधीचे आहेत, म्हणून कलमं जुन्या कायद्यांची दिली आहेत.

प्रश्न : जिनिंग-प्रेसिंगमध्ये गठाणी चढवणाऱ्या टोळीत होतो. जानेवारी २०२५ मध्ये गठाण उचलताना चेन ब्लॉकची साखळी तुटली. उजव्या हाताची अंगठ्याजवळची तीन बोटं गेली. वय ३५. रोज ६५०-७०० सुटायचा, सुट्टी नसायची. मालक म्हणतो, तू मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो, "कोर्टमा जाईसन काय भेटी तुले?" आता ५० हजार घे आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सही कर, असं दोघं मिळून म्हणतात. काय करू? – एक वाचक, चोपडा तालुका

सही करू नका, भाऊ. केली असेल तरी घाबरू नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या कलम १७ नुसार रद्दच असतो. आपसात तडजोड होऊ शकते, पण तिची नोंद कलम २८ खाली भरपाई आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी दिसली तर आयुक्त ती नोंदवायला नकार देऊ शकतात. नोटरीचा शिक्का म्हणजे ही नोंद नव्हे.

दुसरं, तुमचं काम ईएसआयमध्ये येतं का? बहुतेक नाही. फक्त कापसातून सरकी काढणं आणि गठाणी बांधणं एवढंच करणारा कारखाना ईएसआय कायद्यात 'हंगामी कारखाना' धरला जातो आणि त्याला तो कायदा लागू नसतो. खान्देशातल्या जिनिंग कामगारांना हे सहसा कोणी सांगत नाही. पगारातून ईएसआयचे पैसे कापले जात नसतील तर तुमची वाट सरळ १९२३ च्या कायद्याची आहे.

आता 'मुकादमाचा माणूस' या सबबीचं बघू. कलम १२ प्रमाणे मालकाने आपल्याच धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं आणि अपघात त्याच्या आवारात झाला, तर भरपाई मालकाकडूनच मागता येते. मुकादमाकडून ती वसूल करायची की नाही हे मालकाने बघावं. अर्जात दोघांनाही सामनेवाला करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि वर्ष निघून जातं.

'हातमोजे घातले नव्हते', 'साखळीखाली उभा होता' हे म्हणणं भरपाई थांबवत नाही. या कायद्यात कामगाराचा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव नाही. बचाव मोजके आहेत : दारूच्या किंवा नशेच्या अमलात असणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. तेही मालकाला सिद्ध करावे लागतात. मृत्यू झाला असेल किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल, तर हे बचावसुद्धा चालत नाहीत.

आता हिशेब. मजुरी जास्त असली तरी मोजताना महिन्याला १५,००० रुपयांपर्यंतच धरतात (३ जानेवारी २०२० पासूनची मर्यादा). रोज ६५० ने तुमची मजुरी त्याच्या वर जाते, म्हणून १५,००० च धरू. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यातला वय ३५ चा गुणक १९७.०६. गुणाकार होतो १७,७३,५४०. एका हाताची तीन बोटं गेली तर अनुसूचीप्रमाणे कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात. म्हणजे ५,३२,०६२ रुपये. ही रक्कम अपघातापासून महिन्याभरात द्यायची असते. दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, तुमच्या रकमेवर ते वर्षाला सुमारे ६३,८०० होतं. शिवाय आयुक्तांना सबब पटली नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही ते तुम्हाला देववू शकतात. समोर ठेवलेले ५० हजार या आकड्याशेजारी ठेवून बघा.

३० टक्क्यांवरच थांबायलाही नको. अनुसूची सगळ्या धंद्यांना एकच आकडा लावते, पण गठाणी उचलणाऱ्याचा उजवा हात आणि कारकुनाचा उजवा हात यांची कमाई सारखी नसते. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास साबता या खटल्यात सुताराचा एक हात गेला होता. तो सुतारकी करूच शकत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये त्याला पूर्ण अपंगत्व मानलं. असा दावा करायचा तर डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं. सिव्हिलच्या अपंगत्व दाखल्यावरचा टक्का हा शरीराचा असतो, कमाईचा नव्हे. 'हा माणूस हमालीचं काम पुन्हा करू शकेल का?' एवढं एक वाक्य डॉक्टरांकडून लेखी घेतलं नाही, तर दाखला जोडूनही दावा ३० वरच अडकतो.

याशिवाय कामावर जाता येत नव्हतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीच्या २५ टक्के मिळतात, तुमच्या हिशेबात ३,७५०. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं असेल तर ते भरपाईतून वजा करता येत नाही.

अर्ज अपघातापासून दोन वर्षांत करायचा, म्हणजे तुमची मुदत जानेवारी २०२७ ला संपते. आधी मालक आणि मुकादम दोघांना रजिस्टर्ड पोस्टाने अपघाताची तारीख, वेळ, जागा, दुखापत आणि मागणी लिहून पाठवा, पोचपावती जपा. मग भरपाई आयुक्तांकडे अर्ज. हे अधिकार कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे असतात. आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो.

शेवटी केसपेपर. अशा दाव्यांत घात सगळ्यात जास्त इथेच होतो. जखमीला दवाखान्यात नेणारा बहुतेक वेळा मुकादमच असतो आणि 'काय झालं?' असं विचारलं की तो 'घरी कडबाकुट्टीत हात गेला' असं सांगून मोकळा होतो. ती ओळ पहिल्या केसपेपरवर चढते आणि पुढे प्रत्येक तारखेला मालकाचा वकील तीच वाचून दाखवतो. तुमचा पहिला पेपर आजच काढून वाचा. चूक असेल तर खाडाखोड करू नका. दवाखान्याच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. १०८ ची गाडी बोलावली असेल तर रुग्ण कुठून उचलला याची नोंद त्यांच्याकडे असते. कुट्टीची गोष्ट त्या एका नोंदीने पडते. टोळीतल्या दोघांची साक्षही आत्ताच पक्की करा, कारण हंगाम संपला की टोळी पांगते.

प्रश्न : मी अक्कलकुवा तालुक्यातला. सुरतेच्या कापड मिलमध्ये मालाच्या लिफ्टचा दोर तुटून पाय मोडला. आता गावी आहे. दर तारखेला सुरतेला जावं लागेल का? – एक वाचक

नाही. कर्मचारी भरपाई अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे अपघात जिथे झाला तिथे, तुम्ही नेहमी जिथे राहता तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय जिथे आहे तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. तुम्ही आपल्या नंदुरबार जिल्ह्यातच करा. इथले आयुक्त तिथल्या आयुक्तांना कळवतात, ते काम त्यांचं. रहिवासासाठी रेशनकार्ड आणि मतदार यादीतलं नाव पुरतं.

सुरतेची एक फेरी मात्र करावीच लागेल. दवाखान्याचे कागद, पोलिस ठाण्यातली नोंद आणि पगाराची बँक पासबुकं तिथून प्रमाणित करून आणा. गुजरातीतल्या कागदांचं भाषांतर जोडावं लागतं. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर या उत्तराऐवजी पुढचं उत्तर वाचा. तुमचा ईएसआय नंबर देशभर चालतो आणि दवाखाना बदलून घेता येतो.

प्रश्न : धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम. ईओटी क्रेनचा (वरच्या रुळांवर सरकणारी क्रेन) वायर रोप तुटून गर्डर पायावर आला, दोन ठिकाणी हाड मोडलं. पगार १४,५००, ईएसआय कापला जातो. वरचा लिमिट स्विच कित्येक महिने वायर जोडून बंद केलेला होता. मालकावर आणि क्रेन बनवणाऱ्या कंपनीवर दावा करायचा आहे. – एक फिटर

पगार महिन्याला २१,००० च्या आत आणि ईएसआय कापला जातो, म्हणजे तुम्ही विमाधारक आहात. तुमचा मार्ग वेगळा आहे आणि त्याला एक मोठी अट आहे. ईएसआय कायद्याचं कलम ५३ सांगतं की विमाधारक कामगाराला कामावरच्या दुखापतीबद्दल मालकाकडून 'किंवा अन्य कोणत्याही व्यक्तीकडून' दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. मालकाविरुद्ध हे दार बंद आहे असं सर्वोच्च न्यायालयाने ए. ट्रेहान (१९९६) आणि वेस्टर्न इंडिया प्लायवूड (१९९७) या निकालांत सांगितलं आहे. क्रेन बनवणाऱ्यावर दिवाणी दावा लावला तरी 'अन्य कोणत्याही व्यक्तीकडून' हे शब्द तुमच्याविरुद्ध वापरले जातील. कोर्ट फी भरण्याआधी वकिलाला फक्त हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ग्राहक आयोगाची वाटही कोणीतरी सुचवेल. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाची जबाबदारी आहे खरी, पण क्रेन कारखान्याने धंद्यासाठी घेतलेली असते आणि तुम्ही तिचे खरेदीदार नाही. तिथे पहिल्याच तारखेला 'तुम्ही ग्राहक कसे?' हा प्रश्न येतो.

मग मिळतं काय? कामावर जाता येत नाही तोवर सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के तात्पुरता अपंगत्व लाभ. त्यासाठी किती महिने हप्ते भरले याची अट नाही, कामाला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी अपघात झाला तरी मिळतो. उपचार ईएसआयकडून. हाड जुळूनही पाय कायमचा अधू राहिला तर वैद्यकीय मंडळ कमाईची हानी ठरवतं आणि त्या प्रमाणात जन्मभर पैसे मिळतात. मंडळाने टक्का कमी लावला तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणात किंवा कर्मचारी विमा न्यायालयात जाता येतं. मंडळापुढे जाताना एक्स-रे, ऑपरेशनच्या नोट्स आणि 'रोज किती वेळ उभं राहून, काय उचलून काम करायचो' हे एका कागदावर लिहून न्या. मंडळाचा वेळ थोडा असतो.

मालकाने अपघाताचा अहवाल फॉर्म १२ मध्ये ईएसआयला पाठवला का, तारीख-वेळ बरोबर आहे का, हे शाखा कार्यालयात जाऊन पाहा. तो अहवाल गेलाच नाही तर दुखापत 'कामावरची' आहे हे सिद्ध करण्यात महिने जातात आणि तोवर तुम्हाला ९० ऐवजी आजारपणाचा कमी लाभ मिळत राहतो.

भरपाईचं दार बंद असलं तरी शिक्षेचं उघडं आहे. बंद केलेला लिमिट स्विच हा गंभीर मुद्दा आहे. हुक ठरावीक उंचीला आला की मोटर थांबवणं हे त्या स्विचचं काम. तो बंद असला की हुकाचा ब्लॉक वरच्या ड्रमला जाऊन भिडतो, मोटर ओढतच राहते आणि दोर ताणून तुटतो. त्यामुळे 'दोरच खराब होता' एवढ्यावर तक्रार थांबवू नका, स्विचचं नाव घेऊन लिहा. कारखाने अधिनियमाच्या कलम २९ प्रमाणे क्रेन, साखळी, दोर, हुक, शॅकल यांची सक्षम व्यक्तीकडून निदान दर १२ महिन्यांनी कसून तपासणी व्हावी लागते, नोंद ठेवावी लागते आणि सुरक्षित भार यंत्रावर लिहावा लागतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या विभागाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. जुन्या कायद्यात खटला भरायला निरीक्षकाला कळल्यापासून तीनच महिने असतात, म्हणून निरीक्षकाला कळल्याची तारीख कागदावर यायला हवी. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ (इतरांची सुरक्षा धोक्यात घालून गंभीर दुखापत) आणि कलम २८९ (यंत्राबाबत निष्काळजीपणा) खाली तक्रार होऊ शकते.

प्रश्न : माझे पती सोलर प्रकल्पाच्या साइटवर काम करायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये हायड्राने पॅनलचे खांब उतरवताना पट्टा तुटला, त्यात ते गेले. वय ३८, पगार १८,००० च्या आसपास. घरात सासूबाई आणि दोन मुलं. ठेकेदाराने दिवसकार्याला दोन लाख रोख दिले, एका कागदावर सही घेतली, आणि आता 'सगळं मिटलं' म्हणतो. – एक भगिनी, साक्री तालुका

ताई, काहीही मिटलेलं नाही. कामावर मृत्यू झाला तर भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. वारसांच्या हातात थेट दिलेली रक्कम कायद्याच्या नजरेत भरपाई दिली असं होत नाही (कलम ८). मालकाने आगाऊ दिलेल्यातली तीन महिन्यांच्या मजुरीइतकी रक्कम तेवढी वजा होऊ शकते. सही केलेल्या कागदाची प्रत मात्र मागून घ्या, त्यावर तुमचे पती त्यांच्याकडे कामाला होते हे बहुधा लिहिलेलं असेल आणि तो तुमच्याच उपयोगाचा पुरावा आहे.

तुमच्यापुढे दोन दारं आहेत आणि दोन्हींत एकदम जाता येत नाही. पतींचा ईएसआय कापला जात नव्हता ना, हे आधी पगाराच्या कागदांवरून पक्कं करा. कापला जात असेल तर ईएसआयचा आश्रित लाभ हाच मार्ग.

पहिलं दार कर्मचारी भरपाईचं. १५,००० चे ५० टक्के म्हणजे ७,५००, वय ३८ चा गुणक १८९.५६, भरपाई १४,२१,७००. वर व्याज. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही.

दुसरं दार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं. हायड्रा रस्त्यावर चालणारं, आरटीओत नोंदलेलं वाहन असेल आणि तिचा विमा असेल, तर मोटार वाहन कायद्याखाली दावा होतो. तिथे पगाराला १५,००० ची मर्यादा नाही. चाळिशीच्या आतल्या, कायम नोकरी नसलेल्या पगारदाराच्या कमाईत भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात, म्हणजे १८,००० चे २५,२०० होतात. तुम्ही चौघं अवलंबून आहात, म्हणून त्यांच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा, राहिले १८,९००. वर्षाचे २,२६,८००. वय ३६ ते ४० चा गुणक १५. एकूण ३४,०२,००० आणि काही ठरीव रकमा. फरक दुपटीहून जास्त आहे.

पण हे दार उघडताना चार ठिकाणी अडतं. चालकाचा किंवा हायड्राच्या मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कुजलेला पट्टा वापरणं हाही निष्काळजीपणाच, पण तो पंचनाम्यात आला पाहिजे. कुंपणातली साइट ही सार्वजनिक जागा नाही, असं विमा कंपनी म्हणेल. फक्त आवारातच चालण्यासाठी बनवलेलं यंत्र कायद्यात मोटार वाहन धरत नाहीत, म्हणून हायड्राचा नोंदणी क्रमांक हाती हवा. आणि मुदत फक्त सहा महिन्यांची, म्हणजे तुमच्या बाबतीत एप्रिल २०२६. १९२३ च्या कायद्यात दोन वर्षं आहेत म्हणून निवांत राहिलात तर मोठं दार आधी बंद होईल. चूक सिद्ध होण्यासारखी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ठरीव ५ लाख मिळतात, पण त्यापेक्षा तुम्हाला कर्मचारी भरपाई बरी.

आमचा सल्ला असा : पोलिस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि हायड्राच्या आरसी, विमा, चालक परवाना यांच्या प्रती आधी मिळवा. एफआयआर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (निष्काळजीपणाने मृत्यू) खाली हवी. फक्त अकस्मात मृत्यूची नोंद करून ठेवली असेल तर पोलिस अधीक्षकांना लेखी द्या. कागदांत विमा आणि निष्काळजीपणा दोन्ही पक्के दिसले तरच मोटार दावा करा, नाहीतर भरपाई आयुक्त. घाईत आयुक्तांकडे अर्ज टाकला आणि निकाल घेतला तर मग दुसरीकडे जाता येत नाही.

वकिलाच्या फीची चिंता नको. महिलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क उत्पन्नाची अट न घालता आहे. जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. पतींची नोंद महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात असेल तर तिथली मदत वेगळी मिळते. ती भरपाईतून वजा होत नाही.

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मालकाला दोर बदला म्हटलं की 'चालतंय की' हे ठरलेलं उत्तर. उद्या काही झालं तर 'ओव्हरलोड केला' म्हणून ऑपरेटरवर ढकलतील. दोष कसा दाखवायचा? – एक वाचक

मोजून आणि लिहून. वायर रोपचा नियम सोपा आहे : दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटलेल्या तारा एकूण तारांच्या १० टक्क्यांहून जास्त असतील तर दोर काढून टाकायचा. बांधकाम आणि गोदीच्या नियमांत हे माप आहे. १६ मिमीचा दोर असेल तर खडूने १२८ मिमी आखा. सहा पेडांचा, पेडात १९ तारांचा दोर म्हणजे ११४ तारा. बारावी तुटकी तार सापडली की दोर बाद. जुनं कापड दोरावरून ओढलं की तुटक्या तारा अडकतात आणि कळतात, उघडा हात फिरवू नका. पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख दिसू द्या.

हुकाची कडी (लॅच) आहे का, हुकाचं तोंड मूळ मापापेक्षा उघडलंय का, साखळीची कडी जिथे दुसऱ्या कडीवर बसते तिथे झिजलीय का, ब्रेकच्या लायनिंगवर तेल गळतंय का, हे बघा. पट्ट्याला कडेने चिरा असेल किंवा त्यावरची लेबलची पट्टी नसेल तर तो वापरातून काढा. लेबल गेलं की भार किती घ्यायचा हेच कळत नाही.

'ओव्हरलोड' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा खरं कारण पट्ट्यांचा कोन असतो. दोन पट्ट्यांनी एक टन उचलला तर प्रत्येकावर अर्धा टन येतो हा हिशेब पट्टे सरळ उभे असतील तरच खरा. पट्टे आडवे होत जमिनीशी ३० अंशांवर आले की प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण एक टन येतो. ६० अंशांवर सुमारे ५८० किलो. मालाचं वजन यंत्रावर लिहिलेल्या भारात असूनही पट्टा तुटतो तो असा. अपघातानंतर पट्टे किती लांब होते आणि दोन टोकांमधलं अंतर किती होतं हे टेपने मोजून लिहून ठेवा, कोन नंतर काढता येतो.

तुमची सूचना तोंडी नको. 'अमुक क्रेन, अमुक क्रमांक, १२८ मिमीत १४ तारा तुटलेल्या' असं लिहून दोन प्रती करा, एकीवर सही-शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर ईमेल किंवा रजिस्टर्ड पोस्ट. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही यंत्र बनवणारा, आणणारा आणि पुरवणारा यांच्यावर ते सुरक्षित असल्याची जबाबदारी आहे, म्हणून यंत्राच्या नावपट्टीचा, अनुक्रमांकाचा आणि पुरवठादाराच्या बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. त्याच संहितेत, मालकाने कर्तव्य चुकवल्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत झाली तर न्यायालय दंडाच्या निदान ५० टक्के रक्कम जखमीला किंवा वारसांना देववू शकतं. शिवाय प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं. ते अजून मिळालं नसेल तर लेखी मागा, कारण अपघातानंतर 'हा आमचा नाहीच' हे वाक्य त्या एका कागदाने बंद होतं.

अपघात झालाच तर तुटलेला दोर, साखळी, हुक यांच्यावर नजर ठेवा. तुटका भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच भंगारात जातो आणि जागी नवा दोर चढतो. पंचनाम्यात तो जप्त करायला पोलिसांना सांगा, सुरक्षा संचालनालयाला त्याच दिवशी ईमेल करा आणि 'तुटलेला भाग जपून ठेवावा' अशी नोटीस कारखान्याला द्या. निरीक्षकाचा चौकशी अहवाल आणि मागच्या तपासणीचा दाखला माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दाखल्यावर तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचं नाव आणि यंत्राचा अनुक्रमांक बघा. काही दाखल्यांवर अनुक्रमांक वेगळ्याच यंत्राचा असतो आणि त्या यंत्राची तपासणी झालीच नव्हती हे तिथे उघड होतं.